निवडलेल्या बाईची खुर्ची

मु. बागबहरा, छत्तीसगड
१३ ऑक्टोबर २०२४

आत्या,

आणि मी पळून गेलो न्हाई, हे आता तिसऱ्या पत्रात लिहून राहिलो. पळून जाणारा माणूस पत्ता देतो का? तू मात्र चिंचोडीभर सांगत सुटलीस की आमचा दया लातूरचं फरशीचं दुकान सोडून पळाला, त्याच्या आधी नांदेडचं हॉटेल सोडून पळाला, त्याच्या आधी उदगीरच्या अडतीवरून पळाला. ते पळणं नव्हतं. मला दुकान पटलं न्हाई आणि दुकानाला मी. आता बोअरवेलच्या गाडीवर हाय. इथं गाडीच पळती, मी नुसता तिच्यावर बसलेला असतो. ह्याच्याहून जास्त टिकून राहायचं म्हणजे काय करायचं ते तूच सांग.

तुझं म्हणणं, फोन कर. फोन केला की काय होतं? तुला कमी ऐकू येतं म्हणून तू फोन मोठ्या आवाजात अंगणात ठेवती. मला दिवसभर कॉम्प्रेसरपाशी राहून कानात नुसतं घूं घूं, म्हणून मी बी वरडतो. मागच्या टायमाला आपलं बोलणं सगळ्या गल्लीनं ऐकलं. मधीच सुमनबाईनं तिच्या ओट्यावरून जबाब दिला, मला वाटलं तूच. मी तिला "गुडघ्याला तेल लावत जा गं माय" म्हणालो आणि ती "बरं राजा" म्हणाली. त्याच्यापेक्षा पत्र बरं. पत्राला ओटा नसतो.

इथं काम जोरात हाय. शेतकऱ्याचं बोलावणं आलं की गाडी रातोरात निघती. मी मशीन चालवतो. गाडीवर आम्ही नऊ जण, आठ तमिळ आणि एक मी. सेल्वम म्हणून मोठा ड्रिलर हाय, त्याला माझ्या हातचं, म्हणजे माझं काम, लई आवडतं.

आता तुझ्या खुर्चीचं. तू लिहिलंस की ह्या साली वेळ अमावस्येनंतरच्या रविवारी देवळात तुलाच 'निवडलेली बाई' म्हणून बसवणार आणि मी हाजिर पाहिजे. आत्या, तुला दर साली खात्री असती. दर साली बायकांची सभा बसती, चहा होतो, आणि खुर्चीवर सुमनबाई बसती, न्हाईतर सुमनबाईची जाऊ. योहानाच्या त्या पत्रात 'बाई आणि तिची लेकरं' असं हाय, आणि तुला लेकरं न्हाईत. मी पडलो भाचा. मी चड्डीत होतो तवा मला कोणी तुझं लेकरू धरलं न्हाई, आता मिशा आल्यावर कोण धरतंय? उगं आशा लावून घेऊ नको. तुला खुर्ची मिळाली तर मी इथून चिंचोडीपर्यंत उलटा चालत येईन.

सलाम राहिला. प्रभूत सलाम.

तुझा
दया

*

चिंचोडी, ता. उदगीर
२८ ऑक्टोबर २०२४

चि. दयानंदास,

प्रभूत सलाम. उलटा चालायला लाग. खुर्ची मिळाली.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. त्याच्या कोपऱ्यावर हळदीचा अख्खा अंगठा उमटला आहे. मशीनला हळद लागते हे मला माहीत नव्हतं. असो.

सभा आमच्याच अंगणात झाली. मी सरळ विचारलं, सुमनबाई अकरा वेळा बसली, तिच्या जावेचा नंबर पाचदा लागला, मी कधी बसायचं? पेटीत गेल्यावर? सुमनबाईची सून वर्षाराणी म्हणाली, "पण आत्याबाई, तुमाला लेकरं कुठं हायत?" मी म्हणाले, "आई मेल्यावर दया कोणाच्या ताटात जेवून वाढला?" त्यावर सुमनबाई म्हणाली, "अर्धा माझ्या." हे खरं आहे. शेवटी ठरलं की दया त्या दिवशी खुर्चीमागे उभा राहिला तर लेकरू धरायचं. नाही राहिला तर सुमनबाई बारावी खेप बसणार. तारीख ५ जानेवारी, रविवार.

हा झाला आनंद. आता ऐक.

आपल्याकडे नांदेडहून नवीन पाळकसाहेब आले आहेत. शांतवन नाव. तुझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे, चष्मा, मोटारसायकल, पोरगा वाईट नाही. त्यांना खुर्ची ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. माझे आजे माणिकप्पा गावातले पहिले ख्रिस्ती विश्वासी. तेव्हा गावात कोणाला अक्षर येत नव्हतं. बाईच्या नावाचं पत्र आलं की मास्तर आधी तिला बोलावून समोर बसवायचे, मग वाचायचे. बाईच्या माघारी तिचं पत्र वाचणं म्हणजे चोरी. एकदा मिशनच्या मास्तरांनी उपासनेत बायबलातलं योहानाचं दुसरं पत्र काढलं, ते एका बाईला आणि तिच्या मुलांना लिहिलेलं. माझी आजी उठून म्हणाली, "थांबा. बाई कुठं हाय? तिला बोलवा, मंग वाचा." मास्तर म्हणाले, ती जाऊन शेकडो वर्षं झाली. आजी म्हणाली, "मंग तिच्या जागी कोणीतरी बसा. मोकळ्या जागेला पत्र वाचत न्हाईत." तेव्हापासून आपल्या देवळात दरसाल एक बाई खुर्चीवर बसते, लेकरं मागे उभी राहतात आणि पत्र वाचलं जातं. वेळ अमावस्येला बाहेर गेलेली माणसंही शेतात जेवायला गावी येतात, म्हणून तो रविवार.

पाळकसाहेबांनी हे मन लावून ऐकलं. मान डोलावली. आणि रविवारी उपदेशात सांगितलं की अशी बाई नव्हतीच! छळाचे दिवस होते, म्हणून मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, नाव उघड न लिहिता तिला 'बाई' म्हटलं. लेकरं म्हणजे मंडळीतली माणसं. शेवटी तिच्या बहिणीच्या मुलांचा सलाम आहे, ती बहीण म्हणजे दुसरी मंडळी. तेव्हा खुर्ची हा भोळेपणा आहे, यंदापासून बंद करावा.

दया, एवढी वर्षं मी थांबले. माझा नंबर लागला आणि आता म्हणतात बाईच नव्हती. सुमनबाईच्या वेळेला अकराही खेपा होती बरं!

तू चार मुलखांतली माणसं बघतोस. कोणाला काही ठाऊक असेल तर विचारून कळव. आणि रजा टाक.

तुझी आत्या
गुणाबाई

*

मु. बागबहरा
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

प्रभूत सलाम. पत्र वाचून मी सेल्वमला सगळं सांगितलं. त्याचा मामा तिकडं तमिळनाडूत उपदेशक हाय. सेल्वम म्हणाला तुमच्या पाळकाचं खोटं न्हाई, लई लोक तसंच मानतात. पण मामाचं मत वेगळं. मामा म्हणतो ती खरीखुरी बाई होती, विधवा, घरची बरी, आणि तिच्याच घरात उपासना भरायची. काही काही लोक तर तिचं नाव बी सांगतात, कुरिया. म्हणजे मतं दोन झाली आणि त्यातल्या एकाला नाव बी हाय.

मग गाडीवर वाद पेटला. चारशे फूट गेलो तरी पाणी न्हाई, शेतमालक डोक्याला हात लावून बसलेला आणि हे आठजण बाई का मंडळी करून राहिले. रॉड उचलणारा एक पोरगा हाय, मुरुगा देवाचा भक्त, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? पण त्यानंच सगळ्यात भारी मुद्दा काढला. त्यानं इचारलं, पत्रात मधी काय लिहिलंय? मी म्हणालो, भलतंसलतं शिकवणारा कोणी आला तर त्याला घरात घेऊ नको, सलाम बी करू नको. पोरगा म्हणाला, झालं की मग. घरात घ्यायचं का न्हाई हे कोण ठरवतं? घरची बाई. सगळे गप्प झाले. तेवढ्यात पाणी लागलं. मालकाला वाटलं आम्ही त्याच्यासाठी गप्प झालतो.

आता माझा विचार सांगतो, रागवू नको. पाळकाशी भांडू नको, उलट त्याचं पटलं म्हण. बाई म्हणजे मंडळी, तर लेकरं म्हणजे कोण? सगळे. देवळात बसलेला हर एक माणूस. मग तुला लेकरू न्हाई असं सुमनबाई कोणत्या तोंडानं म्हणणार? दीडशे लेकरं होतात तुला. आणि मी आलो न्हाई तरी चालतं. बघ, कसं सोपं करून दिलं.

रजेचं अवघड हाय. सीझन हाय, मशीन एका माणसावर सोडता येत न्हाई. आणि इकडं चिंचेचा भाव ऐकशील तर गार पडशील, नव्या चिंचेला अजून दोन महिने, जुनी काळी पडलेली देतात आणि वर तोंड करून बोलतात.

तुझा
दया

*

चिंचोडी
४ डिसेंबर २०२४

चि. दयानंदास,

प्रभूत सलाम. तू किती लबाड आहेस हे मला तुझ्या बापापासून ठाऊक आहे. मला दीडशे लेकरं देतोस आणि स्वतः सुटतोस. तुझी दीडशे तुझ्याकडे ठेव, मला एक पाठव.

पण घराचा मुद्दा लाख मोलाचा. त्या मुरुगाच्या पोराला माझा सलाम सांग.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरभेटीला आले. मी दारातच उभी राहिले. ते म्हणाले, "सलाम, गुणाबाई." मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "आत येऊ का?" मी म्हणाले, "साहेब, माफी करा. बाई नव्हती असं तुम्ही शिकवून राहिलात. भलतं शिकवणाऱ्याला घरात घेऊ नको, सलाम करू नको, असं पत्रात आहे. पत्र मंडळीला असेल तर मंडळीनं ठरवावं. बाईला असेल तर मी ठरवलं." ते चप्पल अर्धी काढून तसेच उभे. मग मी आत गेले आणि चहा आणून ओट्यावर दिला. चहाबद्दल पत्रात काही नाही.

चहा त्यांनी सगळा घेतला. म्हणाले, "बाई, विद्वानांत दोन्ही बाजू आहेत. मी एक सांगितली." मी म्हणाले, "मग दुसरी कधी सांगणार होतात? मी मेल्यावर?" ते हसले. माणूस हसला की त्याच्यावर रागावणं कठीण जातं, तरी मी रागावलेलीच राहिले. आठ दिवसांत तीनदा आले. तिन्ही वेळा ओट्यावर.

गल्लीत ही बातमी झाली. सुमनबाई पहिल्या दिवशी पोट धरून हसली. म्हणाली, "गुणाबाई, तुझी खुर्ची तर लाकडाची बी न्हाई राहिली." दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. बाईच नव्हती तर ही अकरा वेळा कोण म्हणून बसली? पदर खोचून ती पाळकसाहेबांच्या घरी गेली. मी आपली सहज मागे. "साहेब," ती म्हणाली, "अकरा वेळा मी नवं लुगडं नेसून तिथं बसले. फोटो हायत. माझा मोठा पोरगा फोटो लावून बसलाय भिंतीला. आता त्याला काय सांगू, तुझी आई मंडळी म्हणून बसलती?" साहेब म्हणाले, "यंदा खुर्ची ठेवू, पण रिकामी ठेवू." सुमनबाई म्हणाली, "रिकामी खुर्ची समोर ठेवून वाचायला ही काय मयत हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी आणि सुमनबाई एका बाजूला होतो. मलाच कसंतरी झालं.

शेवटी असं ठरलं. खुर्ची राहील, बाई बसेल, पण वाचण्याआधी साहेब सांगतील की ही नुसती खूण आहे. मी म्हणाले, तुम्ही काय सांगायचं ते सांगा, बसल्यावर मला कमीच ऐकू येतं. लेकराची अट मात्र सुमनबाईनं सोडली नाही. साहेबांच्या घरून बाहेर पडताच म्हणाली, "आता बाई पक्की झाली. तुझा दया पक्का हाय का?"

आहे का?

आणि दया, मशीन चालवणाऱ्याला चिंचेचे भाव कशाला लागतात? ह्या खेपेला पत्राच्या मागच्या बाजूला सांबाराचा गोल डाग आहे. भांडं ठेवलेला. तू तिथं स्वयंपाक करतोस. मला त्यात वाईट काही वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की तू मला कधी करून घातला नाहीस.

एका दिवसासाठी ये.

तुझी आत्या
गुणाबाई

*

मु. बरगढ, ओडिशा
१९ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू पोलिसात पाहिजे होतीस.

हाव, स्वयंपाकच करतो. आधी रॉड उचलायला घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांचा आचारी ताप येऊन गावी गेला आणि एका दिवशी मी भात-आमटी केली. त्या दिवसापासून मला रॉडला हात लावू देत न्हाईत. चिंचोडीत काय सांगणार होतो, एवढ्या लांब जाऊन पळी हलवतो म्हणून? सुमनबाईचा बसवंत एस.टी.त कंडक्टर, तिचा ग्यानोबा बँकेत शिपाई. म्हणून मशीन लिहिलं. कुकर बी मशीनच हाय तसं बघितलं तर.

रजेसाठी सेल्वमपुढं हात जोडले. तो म्हणाला ड्रिलर गेला तर दुसरा मिळतो, तू गेलास तर हे सात जण तुझ्या मागं तुझ्या गावाला येतील जेवायला. पण त्याला खुर्चीचं सगळं माहीत हाय, पहिल्यापासून त्याच्याच समोर वाचलं ना. काल रात्री जेवल्यावर म्हणाला, जा. दोन तारखेला निघ, सहा तारखेला परत पाहिजे. चार दिवसांचं लोणचं-चटणी करून ठेव.

आता तू विश्वास ठेव. रायपूर, नागपूर, तिथून रातची गाडी, मुदखेडवरून नांदेड, नांदेडला उतरून उदगीरची बस. चार तारखेला संध्याकाळी तुझ्या दारात. सुमनबाईला सांग, दया पक्का.

तुझा
दया

*

चिंचोडी
८ जानेवारी २०२५

चि. दयानंदास,

सलाम शेवटी घालीन, मन झालं तर.

चार तारखेला मी शेवटच्या बसपर्यंत फाट्यावर उभी होते. सुमनबाईही येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "तू कशाला आलीस?" ती म्हणाली, "माझा अर्धा हाय." बस आली. तिच्यातून बसवंत उतरला, ड्युटी संपवून. दुसरं कोणी नाही.

रविवारी देऊळ भरलं होतं, बाहेर चपलांना जागा नव्हती. मी माझं जांभळं लुगडं नेसले. मनात म्हणाले, बसायचं तर नाही, पण नेसलेलं काढायचं कशाला. सुमनबाई माझ्या शेजारी चटईवर, नवं कोरं हिरवं लुगडं. म्हणजे तिचीही तयारी होती.

पाळकसाहेबांनी खुर्ची मांडली, ही खूण आहे वगैरे सांगितलं आणि म्हणाले, "गुणाबाई, या." मी उठले नाही. वर्षाराणी मागून खोकली. मी सुमनबाईला म्हणाले, "जा, बस. माझं पोरगं आलं नाही." ती म्हणाली, "उठ." मी म्हणाले, "अट तुझीच आहे." ती म्हणाली, "अट माझी हाय तर मला शिकवू नको," आणि माझ्या दंडाला धरून तिनं मला खुर्चीत नेऊन आदळलं. खरंच आदळलं, दंड अजून निळा आहे.

मग सगळ्या देवळासमोर वळून ओरडली, "उठा रे सगळे!"

तिची सहाही लेकरं उठली. ग्यानोबा आता पन्नाशीला आला, बँकेतला, तोही उठला. बसवंत उठला. लेकी उठल्या, धाकटीच्या कडेवर तिचं पोर. सहाही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. सुमनबाई म्हणाली, "साहेब, वाचा आता. लेकरं हायत. गुणाबाई, उसनी देऊन राहिले, साखर देते तशी. जेवायच्या आत परत करायची."

देऊळ एवढं हसलं की माझ्या कानालाही ऐकू आलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "पाहा, हेच मी सांगत होतो. एकीची लेकरं ती सगळ्यांची. मंडळी म्हणतात ती हीच." मी खुर्चीतून म्हणाले, "हेच मीही सांगत होते. बाई नसती तर लेकरं कोणामागे उभी राहिली असती?" आता गावात निम्मे म्हणतात साहेब जिंकले, निम्मे म्हणतात मी. सुमनबाई म्हणते, दोघंही माझ्यामुळं.

मग त्यांनी वाचलं. आणि दया, मी हे पत्र लहानपणापासून ऐकत आले, पण चटईवर बसून दुसऱ्याचं पत्र ऐकणं वेगळं. त्या दिवशी ते मला होतं. शेवटी तो पत्र लिहिणारा मंडळीचा वडील लिहितो की सांगायचं पुष्कळ आहे, पण कागद-शाई नको, मी येणार आहे, समोरासमोर बोलू. हे कानावर पडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मग आले का ते?"

साहेबांनी पान उलटून पाहिलं. म्हणाले, "बाई, पुढे काही लिहिलेलं नाही."

एवढे विद्वान ती कोण होती म्हणून भांडतात. तिच्याकडे कोणी आलं का, हे एकानंही पाहिलं नाही. मी फाट्यावर उभी राहून आले होते म्हणून मला सुचलं, नाहीतर मलाही सुचलं नसतं.

जेवणाच्या आत लेकरं परत केली. सुमनबाईनं एकेकाचा चेहरा पाहून मोजून घेतली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "भाडं ठेव गुणाबाई, लेकरामागं शंभर. दया आला असता तर त्याचे बी लावले असते, अर्धा माझ्या चुलीवर वाढलाय." सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर हसले नाही.

पाळकसाहेबांना सोमवारी घरात घेतलं. चहा मात्र उठून ओट्यावर नेऊन प्याले. म्हणतात, सवय झाली.

तू बरा आहेस ना एवढं कळव. येणार होतास की नव्हतास, तेही.

सलाम.

तुझी आत्या
गुणाबाई

*

मु. बरगढ
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

प्रभूत सलाम. मी बरा हाय आणि मी येणार होतो. निघालो बी होतो.

दोन तारखेला निघालो ते जागरणातच, कारण आदल्या रात्री आठ जणांचं चार दिवसांचं करून ठेवलं. नागपूरला गाडी धरली. जागा मिळाली, वरची. समोरच्या माणसाला सांगितलं, दादा, नांदेडला उठवा. तो म्हणाला, उठवतो. त्यानं उठवलं बी आसंल. पण माझे कान तुला ठाऊक हायत, आणि तो बिचारा हळू आवाजाचा. मुदखेड गेलं, नांदेड गेलं, परभणी गेली. मी डोळे उघडले तवा खिडकीत कांद्याच्या गोण्या दिसल्या. मनमाडच्या पुढं. आत्या, उभ्या जन्मात पहिल्यांदा मी घराकडं पळत होतो आणि घरच माझ्या मागं राहून गेलं.

उलट गाडी रातची होती. रविवारी सकाळी अजून परभणीतच होतो. आदल्या दिवशी फोनची बॅटरी मेलती, तिथं चार्ज करून तुला फोन केला, चार वेळा. तो अंगणात वाजून राहिला आसंल, गल्ली सगळी देवळात. मग हिशेब केला, उदगीरला पोचायला दुपार उलटणार आणि सहाला इकडं हाजिर पाहिजे. स्टेशनवर बसून राहिलो. उपासनेच्या टायमाला मनात म्हणालो, आता सुमनबाई बसली आसंल. मग नागपूरची गाडी धरली. झोपलो न्हाई, उभ्यानं आलो.

तुझं पत्र आल्यावर सेल्वमला वाचून दाखवलं. सुमनबाईनं तुला खुर्चीत आदळलं तिथं तो टाळ्या वाजवायला लागला. पण 'आले का ते' इथं त्यानं हात खाली घेतले. मुरुगाचा पोरगा बी कढईकडं बघत बसला.

मी रात्रभर विचार केला आणि सांगतो तुला. आला आसंल तो. नक्की आला आसंल. पण उशिरा आला. काहीतरी झालं आसंल वाटेत, म्हातारा माणूस, झोप लागली आसंल. आणि आल्यावर तिनं त्याला एवढं बोललं आसंल, एवढं बोललं आसंल, की ते शास्त्रात लिहायची कोणाची हिंमत झाली न्हाई. म्हणून पुढं काही लिहिलेलं न्हाई. पाळकसाहेबांना हे मत सांग. तिसरी बाजू म्हणावं.

सेल्वमनं फेब्रुवारीत पंधरा दिवस दिलेत. गाडी तवा टायर-इंजनाच्या कामाला उभी राहते. ह्या खेपेला बसनं येणार, बसवंतच्या एस.टी.तच बसतो उदगीरपासून, झोपलो तर तो लाथ घालून उतरवील. फाट्यावर उभी राहू नको, गुडघे दुखतात. घरात बस. मी येऊन चूल पेटवतो आणि तुला करून घालतो, मग खाता खाता काय बोलायचं ते बोल.

ह्या पत्रामागं पोस्टातून पैसे पाठवून राहिलो. ते तुला न्हाईत, सुमनबाईला दे आणि चारचौघांत दे, तिच्याच ओट्यावर. सांग, सहा लेकरं एका दिवसासाठी दिलीस, लई उपकार झाले, हे भाडं. ती घेणार न्हाई, शिव्या घालील, तरी पदरात टाक. ती म्हणंल, दयाचे शंभर कुठं हायत? तर तिला सांग, त्याचे लागत न्हाईत. ते लेकरू उसनं न्हाई, घरचं हाय. सहाच धर.

तुझा
दया

रक्कम सहाशे रुपये.